निकालाच्या दिवशी आप्पा उपाशी असत

नगर परिषदेच्या निकालाच्या दिवशी आप्पा सकाळपासून काही खात नसत. उपास म्हणून नव्हे. आप्पांनी कधी उपास केल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी त्यांना हरलेल्या उमेदवाराच्या घरी जेवायचं असे, आणि तिथं जाऊन भुकेचं नाटक करणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून ते खरोखरच उपाशी राहत.

आप्पा आमचे शेजारी. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत आहे. त्याला दोन्ही बाजूंनी एकेक दगड लावलेला आहे, पाय ठेवून पलीकडे जायला. रस्त्याने गेलं तर वळसा पडतो, आणि कढीपत्त्यासाठी कोण वळसा घालणार?

रिटायर होईपर्यंत आप्पा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे खिडकीत बसून माईकवर सांगायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा जरा सावकाश. रिटायर झाल्यावर माईक गेला, सवय राहिली. नळाला पाणी आलं की ओटीवर उभं राहून ते सांगत, "पाणी आलेलं आहे. पाणी... आलेलं... आहे." मासेवाली आली, वीज गेली, कुणाच्या सुनेला मुलगी झाली, सगळं दोनदा. मी बारावी पास होऊन कॉलेजात नाव घातलं त्या सकाळी त्यांनी गडग्यापाशी उभं राहून सगळ्या वाडीला सांगितलं, "ही मुलगी कॉलेजला जात आहे. ही मुलगी... कॉलेजला... जात आहे." मी लाजेने आत पळाले. पण आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे खरं सांगायचं तर ते दोनदा ऐकायला मला बरंच वाटलं. तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "काय गो कॉलेज, आज लवकरशी?" असंच विचारत.

'हरला' हा शब्द मात्र ते कधी वापरत नसत. कुणी निवडणुकीत पडलं, परीक्षेत नापास झालं, कुणाचं लग्न मोडलं, तरी ते एवढंच म्हणत, "त्याची गाडी चुकली."

मी पहिल्यांदा त्यांना निकालाच्या दिवशी पाहिलं तेव्हा शाळेत होते. आमच्या वाडीतला रिक्षावाला विलासमामा अपक्ष उभा राहिला होता. लोकांनी त्याच्या रिक्षातून फुकट फिरून घेतलं आणि मत दुसऱ्यालाच दिलं. निकाल लागला तसा तो रिक्षा घरामागे लावून दार बंद करून बसला. आप्पा त्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "विलास, मला भूक लागलीय."

आतून मामी म्हणाली, "आप्पा, आज चूल नाय पेटवली."

"मग पेटव. मी थांबतो."

"गॅस संपलाय." हे खोटं होतं, ते पायरीवरून आम्हा मुलांनाही कळलं.

"असं होय?" आप्पा उठले. "विलास, रिक्षा काढ. माझ्या घरचा सिलिंडर घेऊन येऊ."

आता एवढ्या म्हाताऱ्या माणसाला सिलिंडर उचलून आण असं कसं सांगणार? विलासमामाला दार उघडावं लागलं. रिक्षा काढावी लागली. आप्पांचं घर तसं जवळच, पण त्यांनी रिक्षा वरच्या रस्त्याने घ्यायला लावली, टपरीवरून, बुद्धविहारासमोरून, जिथं जिथं लोक निकालाच्या गप्पा मारत बसले होते तिथून. मागच्या सीटवर सिलिंडरला मिठी मारून आप्पा बसलेले. कुणीतरी ओरडलं, "काय विलासशेट, विजयी मिरवणूक काय?" आणि विलासमामाला हसू आलं. मला वाटतं तो त्या दिवशी तिथंच बरा झाला. घरी पोचल्यावर मामीने जुनाच सिलिंडर चालू करून पेज केली.

त्या दिवशी आमच्या प्रभागात पडलेले आणखी तिघे होते. आप्पा सगळीकडे गेले. एकीकडे घावणे, एकीकडे शिरा, शेवटच्या घरी बांगड्याचं सार आणि भात. संध्याकाळी ते ओटीवर पोट धरून बसले होते आणि त्यांची सून वर्षाकाकी ओवा घेऊन उभी होती. "पुढच्या वेळी कमी उमेदवार उभे राहूदेत, म्हणजे झालं," ती म्हणाली.

जिंकलेल्याकडे ते कधीच जात नसत. एका निवडून आलेल्या नगरसेवकाला याचा राग आला. त्याने पेढ्यांचा पुडा पाठवला आणि आप्पा का आले नाहीत म्हणून विचारलं. आप्पांनी पेढे आम्हा मुलांना वाटले आणि निरोप धाडला, "तुमच्याकडे गर्दी आहे. गर्दी संपली की येईन." तो नगरसेवक पुढच्या निवडणुकीत पडला. आप्पा गेट उघडून आत गेले तर तो व्हरांड्यातच बसलेला. म्हणाला, "या आप्पा. तुमचीच वाट बघत होतो. आज मटण आहे."

हे असं का करता, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. मला वाटलं होतं, कधीतरी ते स्वतः उभे राहून पडले असतील. "छे गो," ते म्हणाले. "स्टँडवर शेवटची गाडी चुकलेली माणसं माझ्या खिडकीपाशी येऊन उभी राहायची. गाडी तर गेलेली. मी काय ती परत आणणार? मग मी विचारायचो, जेवलात काय? एवढंच माझ्या हातात होतं." मग म्हणाले, "आणि जेवलेल्या माणसाला सकाळची गाडी दिसते."

आप्पांच्या या सवयीने आमच्या वाडीला एक खूण मिळाली होती. निकाल कागदावर काय लागायचा तो लागो, आप्पा ज्या घराची पायरी चढले ते घर पडलं, असं सगळे धरून चालत. म्हणून निकालाच्या दिवशी उमेदवारांच्या घरातली माणसं रस्त्याकडे बघत बसत, आणि आप्पा पुढे निघून गेले की सुस्कारा टाकत.

मग बरीच वर्षं निवडणूकच झाली नाही. झाली तेव्हा आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी आली, आणि एका पक्षाने तिकीट दिलं माझ्या आईला, दुसऱ्याने वर्षाकाकीला. गडग्याच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक.

माझी आई, शोभा, खानावळीत पोळ्या करते. बचत गटात तिचं सगळे ऐकतात, पाण्यासाठी नगर परिषदेत जाऊन भांडायचं असलं की बायका तिलाच पुढे करतात. वर्षाकाकी शिकलेली, डी.एड. झालेली. तिचा नवरा, म्हणजे आप्पांचा मुलगा, मुंबईला नोकरीला आहे. दहावीला माझं इंग्रजी तिनेच करून घेतलं. ती नसती तर मी कॉलेजात गेले नसते, हे आई स्वतः सगळ्यांना सांगायची. अर्ज भरून आल्यावर दोघी हसत होत्या. "तू निवडून आलीस तरी पाणी माझ्या दारातूनच जाईल," असं आई काकीला म्हणाली होती.

पण प्रचार सुरू झाला आणि माईक हातात आला. वाडीच्या तोंडाशी काकीची कोपरासभा होती. आई स्वयंपाकघरात होती आणि भोंग्याचा आवाज सरळ आत येत होता. काकी म्हणाली, "नगर परिषद म्हणजे खानावळ नव्हे. पोळ्या लाटण्याइतकं सोपं नसतं ते." लोक हसले. आईचं लाटणं थांबलं, मग परत सुरू झालं. दोन दिवसांनी आईची सभा. आई म्हणाली, "आधी नवऱ्याला मुंबईहून घरी आणून दाखवा, मग आमचं पाणी आणा." लोक आणखी जोरात हसले. मी नाही हसले. काकी त्याच रस्त्याने घरी जात होती.

त्यानंतर गडग्यावरच्या दगडांवर कुणी पाय ठेवला नाही. काकी मला रस्त्यात दिसली की मोबाईल काढून बघायची. वाडीतसुद्धा दोन तट पडले. विहारात बसायला चटई टाकली तर कोण कुठल्या टोकाला बसतो ते बघून कळायचं.

आप्पा दोन्हीकडच्या सभांना गेले नाहीत. टपरीवर लोक त्यांना डिवचत. "आप्पा, या खेपेला मत कुणाला? सुनेला की शेजारणीला?"

"ते मशीनला माहीत."

"आणि जेवायला कुठं? सून आली तर शोभाकडे जावं लागेल हा. शोभा आली तर घरच्या घरी!"

आप्पा काठी टेकत घराकडे निघाले. नेहमी ते उलट बोलायचे. त्या महिन्यात त्यांनी नळाला पाणी आल्याचंसुद्धा सांगितलं नाही. एकदा ते गडग्यापाशी उभे होते तेव्हा मला म्हणाले, "कॉलेज, निवडणूक एक दिवसाची असते गो. घरं बांधलेली आहेत." आणि गडग्यावर हात ठेवून उभे राहिले.

मतदान झालं आणि मोजणी पुढे गेली. ते मधले दिवस फार वाईट होते. आई पोळ्या करून यायची आणि रस्त्याकडे बघत बसायची. तिला पडण्याची भीती होतीच, पण मला वाटतं त्याहून तिला आप्पांची भीती वाटत होती. एकदा ती बाबांना म्हणाली, "पडले तर पडले. पण ते आपल्या दारात येऊन भूक लागली म्हणतील आणि पलीकडे त्यांच्या घरी गुलाल उडत असेल. ते मला बघवणार नाही."

निकालाच्या दिवशी बाबा मोजणीच्या ठिकाणी आत गेले. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडून काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर भोंग्यावर एकेका प्रभागाचा निकाल सांगत होते. आम्ही घरी बसून फटाके ऐकत होतो. आधी मांडवीच्या बाजूने आले. मग मारुती मंदिराकडून. मग खालून, बंदराच्या अंगाने, मोठी माळ. मोबाईलवर कुणी लिहीत होतं शोभाताई पुढे, कुणी लिहीत होतं वर्षाताईंचं अभिनंदन. आईने मोबाईल उलटा करून ठेवला. सकाळपासून गॅस पेटवलेला नव्हता. घावण्याचं पीठ भिजवलेलं होतं, ते तसंच झाकून ठेवलं होतं.

वाडीच्या वळणावर पोरं गुलालाची पिशवी आणि फटाके घेऊन थांबली होती. त्यांनाही नक्की काही माहीत नव्हतं. जी निवडून येईल तिच्याकडे जायचं, एवढंच त्यांचं ठरलेलं.

आणि मग विलासमामाची रिक्षा वळणावर येऊन थांबली. तिच्यातून आप्पा उतरले. ते सकाळीच मोजणीच्या ठिकाणी गेले होते, भोंग्याचा आवाज ऐकायला. ते आधी स्वतःच्या घरी गेले. दारातून आत वाकले, काहीतरी बोलले, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बाहेर आले, रस्त्याने वळसा घालून चालू लागले, आणि आमच्या पायरीवर येऊन बसले.

आई दारातच उभी होती. आमच्या घरासमोर आप्पा बसलेत, हे पोरांनी वळणावरून पाहिलं. वाडीने पाहिलं.

चढण चढल्यामुळे आप्पांना धाप लागली होती. "जय भीम" एवढंच त्यांच्या तोंडातून निघालं आणि ते छातीवर हात ठेवून श्वास घेऊ लागले. पुढचं बोलायला त्यांनी हात वर केला.

"बसा आप्पा," आई म्हणाली. "मागू नका. करते मी."

ती आत गेली, गॅस पेटवला, तवा ठेवला. मी तिच्या मागे उभी होते. पहिला घावणा तिने टाकला, आणि तेवढ्यात पलीकडून, आप्पांच्या घरासमोरून, फटाक्यांची माळ वाजली. पोरं तिकडे गेली होती. "वर्षाताई आगे बढो!" असं ओरडत होती.

आई म्हणाली, "झालं." आणि घावण्यावर झाकण ठेवलं.

मला रडू आलं. पण बाहेर आप्पा ताडकन उठून उभे राहिले होते. इतक्या वेळात त्यांना श्वास सापडला होता आणि ते पूर्वीच्या माईकच्या आवाजात ओरडत होते, "अरे कुणी लावले ते? बंद करा! बंद... करा!"

मी बाहेर धावले. "आप्पा, काय झालं? काकी आली ना निवडून?"

"कोण म्हणालं तुला? शोभा आली. तुझी आई आली."

मला ते कळायलाच वेळ लागला. "मग तुम्ही आमच्याकडे का आलात?"

"मग कुठं जाऊ?" आप्पा म्हणाले.

आई उलथनं हातात घेऊन दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती उंबऱ्यावर बसली, आणि पहिल्यांदा तिने तोंडाला पदर लावला. रडत होती की हसत होती मला सांगता येणार नाही. आत घावणा करपल्याचा वास येऊ लागला तेव्हा मी जाऊन गॅस बंद केला.

परत आले तेव्हा आप्पा तिच्याशेजारी बसले होते आणि हळू आवाजात बोलत होते. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"शोभा, ती दार लावून बसलीय. सकाळपासून पोटात काही नाय. मी मागितलं तर सासरा मागतोय म्हणून उठेल, करून वाढेल, आणि परत जाऊन बसेल. माझं काम तिथं होत नाय. मी त्या घरचा आहे ना. त्याला परका माणूस लागतो."

"मी परकी होय?"

"महिनाभर झालात की दोघी परक्या."

पलीकडे पोरांना चूक कळली असावी, कारण सगळं एकदम शांत झालं होतं. मला काकीचं वाईट वाटलं. बंद दारामागे बसून तिने आपल्या नावाचे फटाके ऐकले असतील, आणि ते का वाजले हेही तिला कळलं असेल.

"तिने मला पोळ्या लाटणारी म्हटलं, आप्पा," आई म्हणाली. "भोंग्यावर."

"म्हटलं."

"सगळे हसले."

"हसले. तुझ्या बोलण्यालाही हसले." आप्पांनी काठी उचलली, परत खाली ठेवली. "मी नाय हसलो. दोन्ही वेळा."

मग आप्पा मला म्हणाले, "कॉलेज, पाणी दे गो." मी पाणी आणलं. ते पाणी प्यायले. आई अजून बसलेलीच होती. मला भीती वाटली की ती उठणार नाही, आणि मग आता तो गडगा असाच राहील, पाच वर्षं, कदाचित पुढेही.

आई उठली. साडी जराशी वर खोचली आणि रस्त्याने न जाता गडग्यावरच्या दगडावर पाय ठेवून पलीकडे उतरली. मीही तिच्या मागून. आप्पा वळशाने निघाले. काकीच्या अंगणात फटाक्यांचे लाल कागद पसरले होते आणि पोरं एका बाजूला मान खाली घालून उभी होती.

आईने दारावर थाप मारली. "वर्षा. मला भूक लागलीय."

आईने परत थाप मारली.

"खरंच लागलीय. सकाळपासून काही खाल्लं नाय मी."

मग आतून काकीचा आवाज आला, रडून बसलेला. "तुला पोळ्या लाटता येतात ना? मग लाट नि खा."

पोरांमधलं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी आईकडे बघितलं. तिचं तोंड आधी घट्ट झालं, मग हळूहळू सुटत गेलं.

"लाटीन की," आई म्हणाली. "पीठ कुठंय तेवढं सांग."

कडी निघाली. दार उघडून काकी न बघताच आत वळली, आणि आई तिच्या मागे गेली. थोड्या वेळाने आतून डबा उघडल्याचा आवाज आला. "हे गव्हाचं नाय, नाचणीचं आहे." "मग भाकरी कर. नगरसेविका झालीस म्हणून भाकरी विसरलीस काय?" "तू पाण्याचं आधण ठेव, बोलू नको." मग परातीवर हात आपटल्याचा आवाज.

आप्पा आता वाडीत नसतात. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर लेक त्यांना गुहागरला घेऊन गेली. तिकडूनही ते फोनवर दोनदा सांगतात, एकदा आईला आणि एकदा काकीला, की मी बरा आहे. फोन बहुतेक वेळा दोघी एकत्र असतानाच येतो, तरी दोनदा. पण मला आप्पा आठवतात ते त्या दुपारचे. वळसा घालून ते आले आणि स्वतःच्याच घराच्या पायरीवर पाहुण्यासारखे बसले. मी जाऊन आमच्याकडचा थोडा करपलेला घावणा त्यांना ताटलीत आणून दिला. त्यांनी तो कडेपासून खायला सुरुवात केली.

गुलालाची पिशवी हातात घेऊन पोरं चुळबुळत होती. त्यातला एक धीर करून पुढे आला. "आप्पा, शोभाताईंची मिरवणूक काढायची हाय. त्या कधी येतील बाहेर?"

आप्पांनी आतला आवाज ऐकला. घास गिळला. हाताने ओठ पुसले आणि वाडीकडे तोंड करून सांगितलं,

"मिरवणूक जेवण झाल्यावर सुटेल." आणि मग सावकाश, "मिरवणूक... जेवण झाल्यावर... सुटेल."